उसाच्या चिपाडाच्या प्लेट्स आर्मीला पुरवायच्या आहेत, सुरुवात कुठून?

बगॅसवाला_कोल्हापूर
राम राम मंडळी. आमचं लहान युनिट आहे. बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, प्लेट-वाट्या बनवतो आणि कंपोस्टेबल कचरापिशव्या बाहेरून आणून विकतो. 1 जुलै 2022 ला प्लास्टिक-थर्माकोलच्या प्लेट्स देशभर बंद झाल्या तेव्हा धंदा बरा झाला. आता लग्नसराई सोडली तर मशीन बसून. कुणी म्हणालं, आर्मीला द्या. पुण्यात एका कार्यालयात दोन हेलपाटे घातले, गेटच्या आत पाऊल पडलं नाही.

टेंडरवाली
दादा, गेट सोडा, जेम पोर्टलवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन बाजारावर, नोंदणी करा. बरीचशी सरकारी खरेदी आता तिथूनच होते. उद्यम (लघुउद्योगाची सरकारी) नोंदणी असेल तर अनामत रकमेतून सूट मिळते, पण ती उत्पादकाला, ट्रेडरला नाही. म्हणजे प्लेटला मिळेल, पिशवीला विसरा. आणि पिशवीवाल्याकडून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र आधी हातात घ्या. 'बायोडिग्रेडेबल' आणि 'कंपोस्टेबल' एक नव्हे. कंपोस्टेबलसाठी आयएस/आयएसओ 17088 हे मानक आहे, बिडमध्ये, म्हणजे निविदेत, तो आकडा शोधा.

निवृत्त_सुभेदार
मी एएससीत, म्हणजे सेनेच्या रसद पुरवणाऱ्या दलात, होतो. सेना म्हणजे एकच गिऱ्हाईक असं समजू नका. रेशन एएससीकडे, कपडे-तंबू ऑर्डनन्सकडे, इमारतींचे दिवे-रंग एमईएसकडे, म्हणजे सेनेच्या बांधकाम खात्याकडे. कँटीनचा माल सीएसडीकडे, त्यांचं मुख्यालय मुंबईत. तुमच्या प्लेटचा विषय मेसचा.

आता खरं सांगतो. जवान रोज स्टीलच्या ताटात जेवतो, धुतो, ठेवतो. याहून पर्यावरणपूरक काय विकणार तुम्ही? प्लेट लागते बडाखान्याला (पलटणीच्या मोठ्या जेवणाला), सरावाला, प्रवासात. तेवढ्याचाच हिशोब धरा.

आणि उंचावरच्या ठाण्यांसाठी 'कुजते' म्हणून विकू नका, हसतील. त्या 17088 च्या चाचणीत 58 अंशांच्या आसपास ऊब लागते आणि सियाचिनला पारा शून्याखाली. तिथं शौचालयाचा मैलासुद्धा वर्षानुवर्षं तसाच राहायचा. म्हणून डीआरडीओच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेनं थंडीत काम करणारे जिवाणू तयार केले, त्यावर बायोडायजेस्टर, म्हणजे मैला जिरवणाऱ्या टाक्या, उभे राहिल्या. तीच कल्पना पुढे रेल्वेच्या डब्यांत आली. सेनेला हिरवा माल नको असतो असं नाही, तो त्या जागी चालला पाहिजे.

चौकस_चिमणी
रस्सा झिरपू नये म्हणून लगद्यात काय घालता? बऱ्याच ठिकाणी फ्लोरिनवालं रसायन असतं, पीएफएएस. ते वर्षानुवर्षं नष्ट होत नाही. मग चिपाडाचं कौतुक कशाला?

बगॅसवाला_कोल्हापूर
ड्रमवर नुसतं 'ऑइल-वॉटर रिपेलंट' लिहिलंय हो. आणि सुभेदारसाहेब, पैसे वेळेवर येतात का?

टेंडरवाली
लघुउद्योगाला 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत, कायदा तसा आहे. तरी खेळतं भांडवल तीन महिन्यांचं ठेवा.

बगॅसवाला_कोल्हापूर
रिपेलंटवाल्याला आत्ताच फोन लावला. म्हणतो, आत काय आहे ते कंपनीचं सिक्रेट.

चौकस_चिमणी
मग लेखी दे म्हणावं, 'फ्लोरिन नाही' एवढंच. देत नसेल तर दुसरा शोधा.

निवृत्त_सुभेदार
आणि प्लेटमध्ये गरम पातळ डाळ ओतून अर्धा तास ठेवा. बिड भरायच्या आधी.