टोकन बनवणं तर सोपं दिसून राहिलं, पण ते विकलं कसं जाते?

सक्करदरा_बॉय:
नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राच्या डोक्यात बसलं का आपलं स्वतःचं टोकन, म्हणजे क्रिप्टो नाणं, काढू, संत्र्याच्या नावानं. इथेरियमवर नाहीतर सोलानावर, म्हणजे अशी टोकन चालतात त्या चेनवर (ब्लॉकचेनवर), एकूण १ कोटी टोकन, त्यातले ९० लाख टीमजवळ ठेवायचे अन् १० लाख मार्केटमध्ये सोडायचे. बनवायचे व्हिडिओ पाहिले, त्यात तर काही मिनिटांचं काम दिसते, कोडही फारसं लिहावं लागत नाही. मले कळत नाही ते पुढचं. एक्सचेंजवर लिस्ट न करता लोक हे घेतात कुठून? भाव कोण ठरवते? मित्र म्हणते ५ पैशानं सुरू करू, थोडी खरेदी झाली का भाव वर जाईल, मग आपल्या ९० लाखाचे किती होतात ते पाह्य. त्याचा मोठा भाऊ इतवारीत दुकान चालवते अन् तो पहिले त्यांच्या व्यापारी ग्रुपमध्ये विकू म्हणून राहिला, त्या ग्रुपमध्ये माझे काकाही आहेत म्हणून मले ते खटकून राहिलं. टॅक्स, कायदा हे पण कोणाला माहीत असेल तर सांगा.

मिहान_डेव्ह:
भाऊ, बनवायचं थोडक्यात सांगतो कारण त्यात खरंच काही नाही. इथेरियमवर ईआरसी-२० नावाचा साचा आहे, २०१५ मध्ये मांडलेला. कोणाजवळ किती टोकन आहेत ते सांग, इकडून तिकडे पाठव, दुसऱ्याला आपल्या वतीनं खर्च करायची परवानगी दे, एवढी मोजकी फंक्शन. ओपनझेपेलिनचं तयार कोड घ्यायचं, रीमिक्स नावाच्या ब्राउझरमधल्या साधनात कंपाईल करायचं, गॅस म्हणजे चेनची फी भरून चेनवर टाकायचं. सोलानावर तर वेगळं कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे चेनवर चालणारं कोड, पण लिहावं लागत नाही, तिथला टोकन प्रोग्राम आधीच आहे, तुम्ही फक्त मिंट अकाउंट, म्हणजे टोकन छापायचं खातं, उघडता. म्हणून टोकन अस्तित्वात आलं याची किंमत शून्य धर.

आता भाव. कळमन्यात संत्र्याचा लिलाव होते तिथं समोरासमोर बोली लावणारा माणूस असते, इथं तसं कोणी नसते. युनिस्वॅप नोव्हेंबर २०१८ मध्ये आलं, तेव्हापासून ही पद्धत जोरात चालली. एक पूल असते, त्यात एका बाजूला तुमचं टोकन अन् दुसऱ्या बाजूला खरी किंमत असलेलं काहीतरी, इथेरियमचं नाणं ईथर म्हणा नाहीतर डॉलरशी बांधलेलं यूएसडीसी. दोन्ही बाजूंच्या आकड्यांचा गुणाकार कायम ठेवायचा हा एकच नियम, अन् भाव त्यातून आपोआप निघते. तुमचेच आकडे घेऊन करून दाखवतो, फी सोडून देतो अन् सगळं रुपयात धरतो.

पुलात १० लाख टोकन अन् ५० हजार रुपये टाकले, म्हणजे भाव ५ पैसे. हे ५० हजार तुम्हालाच टाकावे लागतात बरं का, बहुतेक व्हिडिओत हे पटकन सांगून पुढे जातात. आता काकांनी १० हजाराची खरेदी केली. पुलात झाले ६० हजार रुपये, गुणाकार कायम राहायला पाहिजे म्हणून टोकन उरले ८,३३,३३३, काकांना मिळाले १,६६,६६७, त्यांना सरासरी ६ पैसे पडले अन् नवीन भाव झाला ७.२ पैसे. एकाच खरेदीत भाव ४४ टक्के वर! ॲपवर मार्केट कॅप, म्हणजे सगळे टोकन गुणिले भाव, दिसेल ७ लाख २० हजार, मित्राच्या ९० लाखाचे दिसतील ६ लाख ४८ हजार. पण पुलात पैसे आहेत फक्त ६० हजार. ६ लाख ४८ हजार कुठंच नाहीत, कोणाच्याच जवळ नाहीत.

मित्रानं आता ९० लाख टोकन विकायला काढले तर पुलात टोकन होतील ९८,३३,३३३, रुपये उरतील साधारण ५,०८५, त्याच्या हातात पडतील ५४,९१५. भाव उतरेल एका पैशाच्या जवळपास विसाव्या भागावर. त्यानंतर काका आपले टोकन विकायला गेले तर त्यांना मिळतील ८५ रुपये. दहा हजाराचे पंच्याऐंशी! मग मित्र पुलातले उरलेले पण काढून घेते, कारण पूल त्यानं टाकला होता, म्हणजे शेवटी ज्यानं ५० हजार लावले त्याच्याजवळ जवळपास ६० हजार अन् वरचे ते १० हजार कोणाचे ते तूच पाह्य. यात कोड हॅक झालं नाही, कोणी पासवर्ड चोरला नाही, सगळं नियमाप्रमाणे झालं. ९० लाख एका हातात ठेवले ना भाऊ, तेव्हाच हे ठरून गेलं.

गोकुळपेठ_ट्रेडर:
वरचा हिशोब एकदम बरोबर. मी ही छोटी टोकन घेणारी बाई आहे, विकत घेणाऱ्याच्या बाजूनं लिहिते. मी नाव, लोगो, टेलिग्राम ग्रुप किती मोठा हे पाहतच नाही. पुलाच्या पावत्या, म्हणजे एलपी टोकन, कुठं आहेत ते आधी पाहते, कारण ज्याच्याजवळ ते तो पूल कधीही रिकामा करू शकतो. ते जाळले आहेत का, म्हणजे कायमचे वापराबाहेर टाकले का, नाहीतर लॉक केले असतील तर कधीपर्यंत, हे चेनवर दिसतं. मग सोलानावर असेल तर मिंट ऑथॉरिटी सोडून दिली का, नाहीतर मालक उद्या आणखी १ कोटी छापेल, आणि फ्रीझ ऑथॉरिटी, ती असली की तुमच्या खात्यातलं टोकन गोठवता येतं, म्हणजे भाव वर गेलेला दिसत राहील पण तुम्हाला विकता येणार नाही. इथेरियमसारख्या चेनवर हेच काम कॉन्ट्रॅक्टच्या कोडमध्ये लपवलेलं असू शकतं. २०२१ च्या स्क्विड टोकनचं तेच झालं, भाव २,८०० डॉलरच्या वर गेलेला सगळ्या जगानं पाहिला पण साध्या घेणाऱ्यांना विकताच येत नव्हतं, आणि १ नोव्हेंबरला काही मिनिटांत सगळं शून्याजवळ.

जानेवारी २०२४ पासून पंपफनसारख्या साईटवर टोकन काढणं आणखी सोपं झालं, तिथं सुरुवातीला वेगळा पूल टाकावा लागत नाही, जशी खरेदी होते तसा ठरलेल्या वक्ररेषेप्रमाणे भाव चढतो. लोकांना वाटतं इथं फसवणूक नाही. पण काढणारा पहिल्याच सेकंदाला पाच-सहा वेगवेगळ्या वॉलेटमधून (क्रिप्टो खात्यांतून) स्वतःच स्वस्तात उचलतो, मग होल्डरची यादी पसरलेली दिसते आणि माणूस एकच असतो. ती वॉलेट कुठून भरली गेली ते मागे जाऊन पाहा, बहुतेक वेळा धागा सापडतो. हे वाचून तरी इतवारीतल्या लोकांना थांबवा, मनापासून सांगते.

रामदासपेठ_सीए:
टॅक्सचं मी सांगतो. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरळ ३० टक्के, वर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२, सरचार्ज लागत असेल तर तो वेगळा. वजावट फक्त खरेदी किमतीची, बाकी खर्च धरत नाहीत. आणि लोकांना सगळ्यात जड जातं ते हे की तोटा वजा होत नाही, एका टोकनमध्ये १ लाख नफा आणि दुसऱ्यात १ लाख तोटा, खिशात काहीच आलं नाही, तरी ३१,२०० भरा. टोकन देऊन यूएसडीसी घेतलं तरी ती विक्रीच, बँकेत पैसे आले नाहीत म्हणून टॅक्स नाही असं नाही.

१ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा टॅक्स, आहे, आणि मधे एक्सचेंज नसेल तर तो कापायची जबाबदारी घेणाऱ्याची. घेणाऱ्या व्यापाऱ्याची आदल्या वर्षाची उलाढाल १ कोटीच्या वर असेल तर वर्षाला १० हजाराच्या खरेदीपर्यंतच सूट, बाकीच्यांना ५० हजारापर्यंत. इतवारीतले किती दुकानदार त्या १ कोटीच्या आत बसतात ते तुम्हीच बघा, म्हणजे ओळखीत विकलेलं टोकन त्यांच्याच गळ्यात कायद्याचं काम टाकतं.

कायद्यात क्रिप्टो ठेवायला, विकायला बंदी नाही, बँकांना अडवणारं आरबीआयचं परिपत्रक सुप्रीम कोर्टानं मार्च २०२० मध्ये रद्द केलं. पण "महिन्यात दुप्पट होईल" म्हणून लोकांकडून पैसे गोळा केले की प्रश्न टोकनचा राहत नाही. तिथं फसवणुकीचं कलम येतं, शिवाय महाराष्ट्रात ठेवीदारांसाठी १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे. गेनबिटकॉइन नावाच्या गुंतवणूक योजनेवाले महिन्याला १० टक्के परतावा सांगत होते, मग बिटकॉइनच्या ऐवजी एमकॅप नावाचं स्वतःचंच टोकन लोकांच्या हातात ठेवलं. आपल्या राज्यातली कितीतरी घरं त्यात पोळली. मित्राच्या भावानं ग्रुपमध्ये व्हॉट्सॲपवर काय लिहून पाठवलं आहे ते आधी वाचा, भावाचं, नफ्याचं काही आश्वासन असेल तर आजच काढायला सांगा.

सक्करदरा_बॉय:
खूप आभार सगळ्यांचे. ८५ रुपयांचा हिशोब मित्राला पाठवला, तो म्हणते आपली नियत तशी नाही, आपण एलपी जाळून टाकू अन् ९० लाख दोन वर्षं लॉक करू, मग तर चालते ना? अन् काहून लोक एवढं करून राहिले मग, जर नवीन पैसा कुठूनच येत नाही तर?

मिहान_डेव्ह:
जाळलं अन् लॉक केलं तर मित्र पूल रिकामा करू शकणार नाही, ते चांगलंच आहे. पण गणित तेच राहते, काकांना नफा व्हायचा असेल तर काकांच्या मागून आणखी कोणीतरी जास्त पैसे घेऊन यायला पाहिजे, अन् त्याच्या मागून आणखी कोणी. त्या टोकननं काही काम होत असेल, कुठं फी भरली जाते, कुठं काही मिळते, तर बाहेरून मागणी येऊ शकते. संत्र्याच्या नावाशिवाय तुमच्या टोकनमध्ये काय आहे ते मित्राला विचार, अन् उत्तर नसेल तर इतवारीच्या ग्रुपमध्ये एक रुपयाचंही विकू नका.

शिकायचं असेल तर मात्र जरूर करा, मी मदत करतो. सेपोलियासारख्या टेस्टनेटवर, म्हणजे इथेरियमच्या सरावाच्या चेनवर करा, तिथलं ईथर फॉसेट नावाच्या साईटवरून फुकट मिळते अन् त्याला काही किंमत नाही. तीन वॉलेट उघडा, एक टीमचं, एक काकांचं, एक तिसऱ्याचं. टोकन काढा, पूल टाका, काकांच्या वॉलेटमधून घ्या, मग टीमच्या वॉलेटमधून आधी ९ लाख विका अन् नंतर ९० लाख, प्रत्येक वेळी पुलातले दोन्ही आकडे वहीत लिहा. स्लिपेज, म्हणजे भाव किती सरकला तरी चालेल ती मर्यादा, किती ठेवलं का व्यवहार अडकते तेही कळेल. कॉन्ट्रॅक्टचं कोड इथं टाक, मी पाहून देतो.