विषय: दाजींची कार-टी, खारघरला राहायची सोय पाहिजे (तातडीचं)

नमस्कार मंडळी,
दाजींचा लिम्फोमा (रक्ताचा एक कॅन्सर) परत उलटला हे सगळ्यांना माहीतच आहे. आता डॉक्टर कार-टी करू म्हणायलेत, म्हणजे पेशंटच्याच टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून, लॅबमध्ये बदलून परत चढवायच्या; आयआयटी पवईची नेक्सकार-१९. टी पेशी काढून झाल्या, तयार होऊन यायला काही आठवडे लागतील. अडचण पुढची आहे. पेशी चढवल्यावर महिनाभर दवाखान्याजवळच राहा म्हणतात, आन् ताई म्हणायली सुट्टी झाली की देवगिरीत बसून सरळ परभणी गाठू, मुंबईत कोणाच्या दारात राहायचं. खारघरला कोणाचा फ्लॅट रिकामा आहे का? लिफ्ट पाहिजे.
– परभणी

> टी पेशी काढून झाल्या
दाजींचा धाकटा भाऊ सेलूला आहे की, एकदम धडधाकट, त्याच्या पेशी काहून नाही घेतल्या? आमच्या पुतण्याला सख्ख्या भावाचाच बोन मॅरो चालला.
– लातूरवाले काका

काका, बोन मॅरोचं वेगळं. इथं दाजींच्याच पेशी लागतात, परक्या टी पेशी त्यांच्या अंगावरच उठू शकतात. लॅबमध्ये विषाणूमार्फत त्या पेशींत नवीन जीन घालतात आणि पेशीच्या पृष्ठभागावर नवा रिसेप्टर (पकडणारा आकडाच म्हणा) येतो, त्याचं बाहेरचं टोक अँटीबॉडीचं असतं, ते गाठीतल्या पेशींवरचं सीडी १९ नावाचं प्रथिन पकडतं, आणि आतलं टोक टी पेशीला मारायचा सिग्नल देतं. या पेशी शरीरात गेल्यावर वाढतात, तेव्हाच ताप चढतो, बीपी उतरतं. कधी मेंदूवरही परिणाम होतो, म्हणून पेशंटकडून रोज एक वाक्य लिहून घेतात, अक्षर बिघडलं की डॉक्टर सावध होतात. ताईला म्हणा वही सोबत ठेव.
– नांदेड (लॅबवाली)

इथं अमेरिकेत एफडीएने (औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने) जून २०२५ मध्येच जवळ राहायची अट चार आठवड्यांवरून दोनवर आणली. मग तिकडं महिना कशाला? उगं लोकांना अडकवून ठेवायलेत.
– जालना

ती अट इथल्या औषधांच्या लेबलवरची आहे हो. परभणीहून मुंबई म्हणजे अख्खी रात्र गाडीत, रात्री दोनला ताप चढला तर त्यावरचं टोसिलिझुमॅब औषध कोण देणार? त्यांचे डॉक्टर महिना म्हणतात तर महिनाच राहायचं, यात घासाघीस नको.
– नांदेड

पैशाचं कोणी बोलेना म्हणून मीच लिहितो. अमेरिकेत २०१७ ला पहिली कार-टी आली तेव्हा किंमत ४,७५,००० डॉलर होती, भारतातली साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्यात होते, तरी परभणीच्या घराला ते डोंगराएवढंच. पण मंडळाच्या दिवाळी फंडाला हात लावू देणार नाही, घटनेत एका व्यक्तीच्या उपचाराची तरतूद नाही, मागच्या सभेत यावर किती रण माजलं ते विसरू नका. दवाखान्याच्या ट्रस्टला पाठवायचे तर त्यांची एफसीआरए (परदेशातून देणगी घ्यायची) नोंदणी आहे का ते आधी विचारा. नातेवाइकांनी थेट ताईच्या खात्यात टाकावेत. माझे उद्या जातील, ताई माझी आतेबहीणच लागते.
– खजिनदार

फंडाचं नंतर भांडा. खारघरचा आमचा वन बीएचके रिकामा आहे, तिसरा मजला, लिफ्ट चालू. चावी ठाण्याला सासूबाईंकडं. गॅस आहे, फ्रिज बंद पडलाय तो या आठवड्यात बदलून घेते. सोसायटीत पाहुण्यांचा अर्ज द्यावा लागतो, त्याला दाजींचं आणि ताईचं आधार आजच पाठव.
– बीडची वहिनी