मदत हवी आहे: स्पर्मॅटिक कॉर्डचा (वृषणाकडे जाणाऱ्या दोरीसारख्या नळ्यांचा) लायपोमा (चरबीची साधी गाठ) डी१७.६, डी१७.७२ की काहीच नाही?

नमस्कार मंडळी. मेडिकल कोडिंगमध्ये (निदानांना आणि शस्त्रक्रियांना कोड देण्याच्या कामात) नवीच आहे, आठ महिने झाले. अमेरिकन चार्ट, आयसीडी-१०-सीएम (तिथली निदानांच्या कोडची यादी). डे-सर्जरीच्या एका चार्टवर ऑडिटने एरर लावलीय आणि ती मला अर्धीच पटलीय.

पुरुष रुग्ण, उजवीकडचा इंग्वायनल (जांघेतला) हर्निया, जाळी बसवून दुरुस्ती. ऑप-नोटच्या (शस्त्रक्रियेच्या नोंदीच्या) पोटात एकच वाक्य: 'कॉर्डचा लायपोमा दिसला, सोडवून काढला.' पोस्ट-ऑप डायग्नोसिसमध्ये मात्र नुसता हर्निया. पॅथ रिपोर्ट (काढलेल्या तुकड्याची तपासणी) म्हणतो 'मॅच्युअर ॲडिपोज टिश्यू', म्हणजे नुसती चरबी. लायपोमा हा शब्द त्यात औषधालाही नाही.

मी के४०.९० (हर्नियाचा कोड) सोबत डी१७.७२ टाकला. (इतर जनन-मूत्र अवयव असं वाचलं, कॉर्ड त्यातच येणार असं धरलं आणि पुढचा चार्ट उघडला!) ऑडिटरचा शेरा: 'साइट चुकली. शिवाय डायग्नोसिसला आधार नाही.' साइटचं कबूल. स्पर्मॅटिक कॉर्डला स्वतःचा डी१७.६ आहे, इंडेक्स (कोडची अकारविल्हे सूची) न बघता एन्कोडरच्या (कोड शोधायच्या सॉफ्टवेअरच्या) यादीतून उचलला की असं होतं. पण आधार कसा नाही? सर्जनने लिहिलंय ना!

प्रतिसाद १
ताई, हर्नियाच्या सर्जनचा 'लायपोमा' जरा सैल शब्द आहे. कॉर्डबरोबर इंटर्नल रिंगमधून (जांघेतल्या आतल्या छिद्रातून) जी चरबी खाली घसरते, तिलाही ते सर्रास लायपोमाच म्हणतात. बऱ्याचदा ती पेरिटोनियमच्या (पोटाच्या अस्तराच्या) बाहेरची साधी चरबी असते, गाठ नव्हेच. डी१७ हा निओप्लाझमचा (गाठीचा) कोड. पॅथ नुसतं 'चरबी' म्हणतंय, म्हणजे दोन डॉक्टरांचं जुळत नाही, आणि ते जुळवणं आपलं काम नाही. सर्जनला क्वेरी (खुलासा मागणारा लेखी प्रश्न) टाका. 'हा लायपोमाच ना?' असं विचारू नका, ती लीडिंग (उत्तर सुचवणारी) होते. दोन्ही नोंदी जशाच्या तशा द्या आणि पर्याय ठेवा: लायपोमा, प्रीपेरिटोनियल (अस्तराबाहेरची) चरबी, अन्य, सांगता येत नाही.
आणि ५५५२० (कॉर्डवरची गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेचा कोड) वेगळा लावला नाहीत ना? तो 'सेपरेट प्रोसीजर' आहे, त्याच बाजूच्या हर्निया दुरुस्तीत धरला जातो.

धागाकर्ती
५५५२० नाही लावला, वाचले! लगे हाथ अजून एक. ओपीडीचा चार्ट, युरॉलॉजिस्टने लिहिलंय 'रीनल मास (मूत्रपिंडातला गोळा), बहुधा अँजिओमायोलायपोमा (रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबीची साधी गाठ)'. डी१७.७१ (मूत्रपिंडाच्या लायपोमाचा कोड) चालेल?

प्रतिसाद २
ओपीडीत 'बहुधा', 'शक्यता' कोड होत नाही. आज एन२८.८९ (मूत्रपिंडाचे इतर विकार) वरच थांबा. निदान पक्कं होऊन 'बहुधा' हा शब्द गेला की डी१७.७१. इंडेक्समध्ये अँजिओमायोलायपोमा थेट लायपोमाकडे पाठवतो, त्यामुळे डी३० (मूत्र-अवयवांच्या साध्या गाठी) कडे वळू नका. त्या कोडला डावं-उजवं नाही, शोधत बसू नका. हाच चार्ट ॲडमिट रुग्णाचा असता आणि डिस्चार्जच्या वेळीही 'बहुधा' कायम असता, तर नियम उलटा: झालाय असं धरून कोड करायचा. नवे लोक इथेच हमखास घसरतात.

धागाकर्ती
क्वेरी टाकली, चारही पर्यायांसकट. उत्तर येईपर्यंत हर्नियाचा चार्ट होल्डवर. डी१७.७२ काढलाय.