‘द लॉस्ट वर्ल्ड’मधील माल्कमचे पुनरागमन आपल्याला पटले का?

प्रश्न
मायकेल क्रायटन यांची, प्रयोगशाळेत पुन्हा निर्माण केलेल्या डायनासोरांवरील ‘ज्युरासिक पार्क’ (१९९०) ही कादंबरी मी महाविद्यालयात असताना वाचली होती. तिचा पुढचा भाग ‘द लॉस्ट वर्ल्ड’ (१९९५) गेल्या आठवड्यात वाचून संपवला. डायनासोरांचे उद्यान उभारणारा हॅमंड आणि गणितज्ञ इयान माल्कम यांच्या दफनाला कोस्टा रिका सरकारने परवानगी दिलेली नाही, असे पहिल्या कादंबरीच्या अखेरीस स्पष्ट लिहिलेले आहे. दुसऱ्या कादंबरीच्या आरंभी मात्र हाच माल्कम अमेरिकेतील सांता फे येथे व्याख्यान देताना भेटतो आणि डॉक्टरांनी आपल्याला वाचवले, एवढेच सांगून पुढे जातो. त्याच्या मृत्यूने मी खरोखर हळहळलो होतो, त्यामुळे हे मला फार लागले. हे पुनरागमन आपल्याला पटले का? माल्कमशिवाय ही कादंबरी उभी राहिली असती का?

प्रतिसाद १
१९९३ च्या चित्रपटात माल्कम जिवंत राहतो, त्यामुळे केवळ चित्रपट पाहिलेल्यांना हा प्रश्न पडतच नाही. कादंबरीचे नाव आर्थर कॉनन डॉयल यांच्या १९१२ च्या कादंबरीचेच आहे, आणि मेलेल्या नायकाला परत आणण्याचा मार्गही डॉयल यांनीच होम्ससाठी आधी चोखाळलेला आहे. फरक इतकाच की होम्स कड्यावरून कसा वाचला हे डॉयल यांनी सविस्तर सांगितले, तर क्रायटन यांनी ते दोन-चार वाक्यांत उरकले. माझी तक्रार पुनरागमनाबद्दल नाही, या घाईबद्दल आहे.

प्रतिसाद २
माल्कम हवाच होता, कारण या कादंबरीचा खरा विषय डायनासोर नसून प्रजाती नष्ट का होतात हा आहे, आणि तो प्रश्न सतत लावून धरणारे दुसरे पात्र या कथेत नाही. ही कथा जिथे घडते त्या इस्ला सोर्ना बेटावर शिकारी प्राणी प्रमाणाबाहेर का आहेत, या कोड्याचे उत्तर मला संपूर्ण मालिकेतील सर्वांत उत्तम वैज्ञानिक कल्पना वाटते. डायनासोर निर्माण करणाऱ्या कंपनीने मांसाहारी पिल्लांना मेंढ्यांपासून बनवलेले खाद्य दिले, त्यातून प्रायॉन हे विकृत प्रथिन पसरले, प्राणी अकाली मरू लागले आणि त्यांच्या कलेवरांवर शिकारी पोसले गेले. ब्रिटनमध्ये गुरांचा असाच रोग १९८६ मध्ये ओळखला गेला होता. त्याचा माणसांच्या रोगाशी संबंध असण्याची शक्यता तेथील सरकारने मार्च १९९६ मध्ये, म्हणजे पुस्तक आल्यानंतर काही महिन्यांनी जाहीर केली, तर प्रायॉनवरील संशोधनासाठी स्टॅनली प्रुसिनर यांना १९९७ मध्ये नोबेल मिळाले. हे ध्यानात ठेवून ती पाने पुन्हा वाचली तेव्हा मी अक्षरशः थरारलो. एवढी मोठी गोष्ट लेखकाने पळापळीच्या प्रसंगांमागे जवळजवळ झाकून टाकली, याचे मात्र वाईट वाटते.

प्रतिसाद ३
प्रायॉनबद्दल सहमत आहे, परंतु माझ्या मते रॅप्टर या शिकारी डायनासोरांची वसाहत त्याहून प्रभावी आहे. प्रयोगशाळेत जन्मलेल्या या प्राण्यांना शिकवायला मोठे कोणी नव्हतेच, म्हणून त्यांच्या टोळीत शिस्त नाही, पिल्लांची काळजी नाही आणि घरटीही विस्कटलेली आहेत. वागणूक केवळ जनुकांतून येत नाही, ती शिकण्यातूनही पिढीकडून पिढीकडे जाते, हे इतक्या भेदकपणे मांडलेले मी अन्यत्र वाचलेले नाही.
मला खटकले ते वेगळेच. स्थिर उभे राहिल्यास टी-रेक्स या महाकाय शिकारी डायनासोरला माणूस दिसत नाही, या पहिल्या भागातील कल्पनेवर विसंबून जीवशास्त्रज्ञ बेसल्टन निश्चल उभा राहतो आणि मारला जातो. लेखकाने स्वतःची चूक कथेतच दुरुस्त केली हे चांगले झाले. पण मग पहिल्या भागातील जीवाश्मशास्त्रज्ञ ग्रँट टी-रेक्ससमोर स्थिर उभा असताना का वाचला, याचे समाधानकारक उत्तर मला मिळाले नाही.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. शिकारी प्राण्यांच्या संख्येचा मुद्दा मी कृती-प्रसंगांच्या ओघात वाचून सोडून दिला होता, हे मान्य करतो. आता जीवाश्मशास्त्रज्ञ लेव्हाइन आणि माल्कम यांचे संवाद तेवढे पुन्हा वाचत आहे. माल्कमच्या पुनरागमनाबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही, पण त्या संवादांत त्याच्या जागी दुसरा कोणी बोलताना मलाही कल्पिता येत नाही.