शेणपाण्यातले हार्मोन मोजायचेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रकल्पात गोठ्याचं शेणपाणी आणि गोबरगॅसची स्लरी यांतलं इस्ट्रोजेन (मादीचं लैंगिक हार्मोन) मोजायचंय. कॅनडात ऑन्टारिओतल्या प्रयोगाच्या एका तळ्यात 2001 पासून तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतलं कृत्रिम इस्ट्रोजेन, इथिनिलइस्ट्राडिओल, सोडलं होतं. लिटरला जेमतेम 5-6 नॅनोग्रॅम, तरी फॅटहेड मिनो मासे जवळपास संपले. गाभण गाई नैसर्गिक इस्ट्रोजेन भरपूर टाकतात, पण त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. (दुधासाठी गाईला देतात त्या हार्मोनच्या इंजेक्शनचे मेसेज मात्र रोज फिरतात!)

अडचण नमुन्यांची आहे. मूत्रातलं बरंचसं हार्मोन ग्लुकुरोनाइड किंवा सल्फेट या रासायनिक गटांशी जोडलेलं, निष्क्रिय असतं. शेणातले जिवाणू ते पुन्हा मोकळं करतात. शिवाय इस्ट्राडिओल या मुख्य नैसर्गिक इस्ट्रोजेनचं इस्ट्रोन (दुसरं, सौम्य इस्ट्रोजेन) होतच राहतं. गोठ्यापासून प्रयोगशाळेपर्यंत हे थांबवायचं कसं? बर्फ पुरेल, की जागेवरच आम्ल घालू? सोडियम अझाइड (जिवाणू थांबवणारं, पण जहाल विषारी रसायन) गोठ्यात न्यायला सर तयार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

स्लरीनं फिल्टर लगेच तुंबतो. आधी सेंट्रिफ्यूज केलं तर गाळाला चिकटलेलं हार्मोन वेगळं काढावं लागेल ना? कुणी केलंय का? आणि पुण्याच्या आसपास एलसी-एमएसवर (मिश्रणातले घटक वेगळे करून अगदी सूक्ष्म प्रमाणातही मोजणारं यंत्र) विद्यार्थ्यांच्या दरात नमुने कुठे तपासून मिळतील?