मैफलीत बसून काढलेले चित्र गाण्याचे की गाणाऱ्याचे?

रेघोटी: गेली काही वर्षे मी शास्त्रीय संगीताच्या मैफलीला स्केचबुक घेऊन जाते. सुरुवातीला गायकाचा चेहरा, तानपुऱ्याचा भोपळा, तबलजीची कललेली मान असे जे दिसे तेच कागदावर उतरत असे; आता मात्र विलंबित (संथ लयीतल्या) ख्यालाच्या एका आवर्तनाला, म्हणजे तालाच्या एका पूर्ण फेरीला, एक पान, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. अतिविलंबित एकतालाचे 12 मात्रांचे आवर्तन कधी कधी मिनिटभर चालते, आणि तेवढ्या वेळात मींडेबरोबर (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाण्याबरोबर) सरकत गेलेली रेष समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, थांबली की ती सुधारायला सवड उरत नाही. घरी ध्वनिमुद्रण लावून मी हेच करून पाहिले, पण तिथे मागे जाता येते आणि त्या सोयीनेच रेष ढिली पडते. म्हणून प्रत्यक्ष मैफलीत काढलेले चित्र गाणाऱ्याचे नव्हे, तर गाण्याचे असू शकते, असे माझे मत आहे.

कानसेन: आपली शिस्त दाद देण्याजोगी आहे, परंतु मत पटत नाही. अशा वेळी नेहमी चित्रकार कांडिन्स्कीचा दाखला दिला जातो. जानेवारी 1911 मध्ये म्युनिकला संगीतकार श्यॉनबर्गच्या रचनांची मैफल ऐकून त्याने ‘इम्प्रेशन 3 (कॉन्सर्ट)’ हे चित्र केले आणि त्यातला पिवळा लोट म्हणजे साक्षात ध्वनी, असे सांगितले जाते. पण त्याच चित्रातला मोठा काळा आकार पियानोचा आहे आणि त्यापुढे श्रोत्यांची गर्दीही आहे. शीर्षक झाकले आणि पियानो ओळखू आला नाही, तर तो पिवळा रंग कोणाला ऐकू येणार? शिवाय ते चित्र मैफलीनंतरचे आहे. त्याने आधी ऐकले, मग रंगवले.

शेजारची खुर्ची: तात्त्विक वाद चालू द्यावा, पण आलापीच्या शांततेत चारकोलची खरखर तीन रांगांपर्यंत ऐकू येते. कृपया मऊ पेन्सिल वापरावी.

पोथीवाला: संगीतावरून चित्र काढायला मैफल लागतेच असे नाही. 1591 मधली चुनारची किंवा 1605 मधली चावंडची रागमाला, म्हणजे रागांची चित्रमालिका, पाहा. रागमालेच्या परंपरेत राग-रागिणींची रूपे ध्यानश्लोकांतून, म्हणजे त्यांचे रूप वर्णन करणाऱ्या श्लोकांतून, ठरत गेली. तोडी रागिणी म्हटले की वीणा घेतलेली स्त्री आणि भोवती हरणे. चित्रकाराने त्या संध्याकाळी कोणाचे गाणे ऐकले होते, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही.

रेघोटी: पोथीवाले, नेमका हाच फरक मला दाखवायचा आहे. रागमालेतल्या तोडीत गायक कोणीही असो, हरणे येणारच. माझ्याकडे मात्र दोन गायकांच्या तोडीची पाने आहेत आणि ती एकमेकांसारखी मुळीच नाहीत: एकात रेष कोमल गांधाराच्या (ग) सुराभोवती घुटमळत राहिली आहे, तर दुसऱ्यात ती सरळ वरच्या पंचमाकडे (प) निघाली आहे.

कानसेन: तो फरक हातवाऱ्यांचाही असू शकतो. गायक मींड घेताना हवेत हाताने तीच रेघ ओढत असतो. आपण ती उतरवून घेतलीत. मग ते चित्र पुन्हा गाणाऱ्याचेच झाले!

रेघोटी: ही शंका मलाही होती. एकदा खांबामागची जागा मिळाली, गायक दिसतच नव्हता, आणि त्या दिवशीच्या रेषा निश्चितच आखूड आणि दाट आल्या. म्हणजे हातवाऱ्यांचा वाटा आहे, हे मी मान्य करते. पण समेची जागा प्रत्येक पानावर तेवढीच ठाम आहे आणि ती मला डोळ्यांनी मिळालेली नव्हती. द्रुतातल्या (जलद लयीतल्या) तानांशी मात्र हात कधीच जुळत नाही, त्यामुळे तबल्याने लय बदलली की मी पेन्सिल खाली ठेवते.

कानसेन: निदान तिथून पुढे तरी आपण नुसते ऐकता. बरे, पुढच्या वेळी मुद्दाम खांबामागेच बसा आणि ती पाने इथे लावा. मी शीर्षक न वाचता ती पाहीन.