मार खाल्लेली कुत्री घरी आणली आहे, तिचा विश्वास कसा मिळवायचा?

सायली_क:
नमस्कार मंडळी. महिना होत आला, एका संस्थेकडून आम्ही भुरीला घरी आणलं. वय अंदाजे तीन. आधीच्या मालकाने साखळीला बांधून ठेवलेली, काठीने मारायचा म्हणे. डाव्या कानाचं टोक फाटलंय आणि गळ्याभोवती केस गेलेत, तिथे वण आहे.

ती दिवसभर वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्यामधल्या फटीत असते. आम्ही झोपल्यावर खाते, सकाळी वाटी चाटूनपुसून स्वच्छ. केर काढायला मी झाडू उचलला की जागच्या जागी लघवी होते तिला. माझ्याशी त्यातल्या त्यात बरी. मी जमिनीवर वाचत बसले असेन तर डोकं बाहेर काढून बघते. नवरा खोलीत आला की मात्र पार भिंतीत शिरते. त्याने तिच्यावर एकदाही आवाज चढवलेला नाही, त्यामुळे त्याला हे फार लागलंय. परवा त्याने तळहातावर उकडलेल्या चिकनचा तुकडा धरून तिला बोलावलं. मान लांब करून आली, तुकडा घेतला, आणि तो तोंडात असतानाच गुरगुरली. तेव्हापासून तो विचारतोय, मी तिच्यासमोर जायचंच नाही का?

कुठून सुरुवात करू? तिला फटीतून बाहेर काढायचं का? आणि घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं की भीती वाढते म्हणतात, ते खरं का?

निवांत:
वेळ द्या ताई. तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा सांगतात. शास्त्रीय वगैरे काही नाही तो, आणि मार खाल्लेल्या कुत्र्याला कधीकधी वर्षही लागतं. पण महिन्याभरात डोकं बाहेर काढून बघतेय म्हणजे गाडी सुरू झालीय.

रोखठोक:
माझं मत वेगळं आहे. कुत्रा कळपातला प्राणी आहे, घरात म्होरक्या कोण हे त्याला कळलं पाहिजे. लाड करत बसलात तर जन्मभर फटीतच राहील. पट्टा घाला, ओढून बाहेर काढा, दोन दिवस आरडाओरडा करेल आणि मग सवय होईल. गुरगुरणं तर अजिबात खपवून घेऊ नका. आमचा असाच ताळ्यावर आणला.

जुना_पट्टा:
सायलीताई, आधी रोखठोकांशी दोन शब्द बोलतो, मग तुमच्याकडे वळतो.

म्होरक्याची ही कथा आली कुठून? रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांविषयी लिहिलं, तिथून. परके लांडगे एका आवारात कोंडले की मारामाऱ्या होणारच. पुढे डेव्हिड मेक यांनी रानातल्या मोकळ्या लांडग्यांचा अभ्यास केला आणि १९९९ मध्ये स्वच्छ लिहिलं, की कळप म्हणजे सहसा आईबाप आणि त्यांची पिल्लं. गादीसाठी लढाया तिथे चालत नाहीत. आणि चालत असत्या तरी भुरीला तुमच्या घराची गादी नकोय हो, तिला वॉशिंग मशीनमागची फट पुरतेय.

‘ओढून काढा, सवय होईल’ याचं तर मला भयच वाटतं, कारण सवय झाल्यासारखं दिसतं खरंच. मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर जे प्रयोग केले ते वाचवत नाहीत, पण त्यातून कळलेलं विसरूही नये. काही कुत्र्यांना विजेचे झटके बसायचे आणि त्यांनी काहीही केलं तरी ते थांबायचे नाहीत. दुसऱ्या गटाला तेवढेच झटके, पण डोक्याने एक फळी दाबली की बंद. नंतर दोन्ही गटांना अशा पेटीत ठेवलं जिथे बुटकी आडभिंत ओलांडली की सुटका. फळीवाली कुत्री उडी मारून पलीकडे गेली. पहिल्या गटातली बरीचशी उठलीच नाहीत, पडल्या पडल्या झटके खात राहिली. लांबून बघणारा म्हणेल, काय शांत कुत्रा आहे! ओढून ‘ताळ्यावर’ आणलेलं कुत्रं पुष्कळदा असंच शांत असतं.

यातला पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. २०१६ मध्ये याच दोघांनी मेंदूच्या नव्या अभ्यासावरून आपला जुना निष्कर्ष फिरवला. असहाय होणं शिकावं लागत नाही, दीर्घ त्रासात मेंदू आपोआप तिकडे जातो. शिकावं लागतं ते ‘मी काही केलं तर काही बदलतं’ हे. मी भेदरलेली कुत्री तात्पुरती सांभाळतो (घरात मी एकटा, पाहुणे नाहीत, टीव्ही नाही, म्हणून संस्थेवाले असलीच माझ्या गळ्यात घालतात), आणि माझं सगळं काम या एका वाक्यावर चालतं. भुरीला ‘नको’ म्हणता आलं पाहिजे, आणि तिचं ‘नको’ तुम्ही ऐकलंत हे तिला दिसलं पाहिजे.

म्हणून फट राहू द्या. तिथे कुणी हात घालायचा नाही, वाकून बघायचं नाही, फोटो तर नाहीच. फक्त मशीन सुरू झालं की ती जागा हादरते, तेव्हा जवळच दुसरी जागा करून ठेवा: भिंतीला लावलेलं टेबल, वरून खाली लोंबणारी चादर, आत जुनं अंथरूण. दोन बाजू उघड्या हव्यात. एकच वाट असली की आपण कोंडलो गेलो असं वाटतं, आणि चावे बहुतेक तिथेच होतात.

तुम्ही वाचत बसता ते उत्तम चाललंय. तसंच बसा, पण तिच्याकडे कूस करून, आणि नजर पुस्तकात. प्रेमाने टक लावून बघणं आपल्याला गोड वाटतं, घाबरलेल्या कुत्र्याला ती धमकी वाटते. अधूनमधून तिच्या दिशेने एखादा तुकडा टाका आणि विसरून जा. ती बाहेर आली तर तुकडा तिच्या मागच्या बाजूला टाका. लोक नेमकं उलटं करतात, तुकड्यांची रांग मांडून कुत्र्याला आपल्याकडे ओढतात. मागे टाकला की तिला खाऊही मिळतो आणि तुमच्यापासून सुटकाही. मग ती वळते, आणि पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते स्वतः ठरवते.

परवाची गुरगुर याच जागेवर बसते. भूक तिला पुढे ओढत होती आणि भीती मागे. भूक जिंकली, तुकडा तोंडात आला, आणि मग तिने मान वर केली तर ज्याची धास्ती तो माणूस वीतभर अंतरावर! तुमच्या यजमानांवर राग नव्हता तो. ‘मी फार जवळ आलेय, आता हलू नकोस’ एवढंच. गुरगुरली म्हणून फटका दिला तर गुरगुर बंद होईल, भीती तशीच राहील, आणि पुढच्या वेळी सूचना न देता दात लागतील.

सायली_क:
जुना_पट्टा काका, मनापासून आभार. नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं, ‘राग नव्हता’ ऐकून जरा सैलावला. पण मग त्याने नक्की काय करायचं? आणि झाडूचं? रोज केर तर काढायलाच हवा.

दवाखान्याची_वाट:
मध्येच बोलते. मी डॉक्टर नाही, पण जनावरांच्या दवाखान्यात बरीच वर्षं काम केलंय. काठीचा मार म्हणताय तर आधी दुखणं तपासून घ्या. जुनं, वाकडं जुळलेलं हाड, तुटका दात, कानातला संसर्ग. आमच्याकडे ‘हात लावला की अंगावर येते’ म्हणून आलेल्या कितीतरी कुत्र्यांचं मुळात काहीतरी दुखत असायचं. लघवीही तपासायला द्या; भीतीनेच होत असेल, तरी संसर्ग नाही ना हे कळलेलं बरं.

आणि महिना उलटून ती दिवसा खात नसेल तर औषधाचं विचारायला लाजू नका. फ्लुओक्सेटिनसारख्या गोळ्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, तेव्हा ‘आठवडाभर दिली, काही फरक नाही’ म्हणून बंद करू नये. गोळी विश्वास कमावून देत नाही, पण भीती इतकी खाली आणते की बाकीचं शिकणं सुरू होऊ शकतं. नुसती गुंगी देणाऱ्या एसिप्रोमझीनपासून मात्र सावध. त्यात शरीर ढिलं पडतं, आतली भीती तशीच. कुठलीही गोळी डॉक्टरांना विचारूनच, माणसांची तर मुळीच नाही.

जुना_पट्टा:
वाटताई बरोबर बोलल्या. दवाखान्यात न्यायची वेळ आधी ठरवून घ्या, म्हणजे बाहेर बाकड्यावर इतर कुत्र्यांसोबत ताटकळावं लागणार नाही.

आता यजमान. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या, सशाला घाबरणाऱ्या लहान मुलावर काम केलं. तो आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा आणि हळूहळू, त्याला सोसेल तसा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला. तुमच्याकडे ससा म्हणजे यजमान. (त्यांना सांगा, हसतील.) कुत्र्यांच्या बाबतीत क्रमाला फार महत्त्व आहे. आधी ते दिसले पाहिजेत, मग चिकन पडलं पाहिजे. उलटा क्रम झाला तर काही दिवसांत ती चिकन बघूनच पळेल, कारण चिकन म्हणजे आता तो माणूस येणार.

तेव्हा त्यांनी दारात यावं, तिच्यापासून जितकं लांब शक्य तितकं, एक-दोन तुकडे टाकावेत आणि निघून जावं. ती खाते की नाही हे बघत थांबू नये. त्यांचं जाणं हेसुद्धा तिच्यासाठी बक्षीसच आहे, दुखावून घेऊ नका म्हणावं. ते असताना ती तुकडा खाऊ लागली की मग दाराच्या आत, मग खाली बसून. चिकनसारखं खास काही फक्त त्यांच्याकडूनच मिळू द्या, तुम्ही साधं द्या. खाणं अचानक थांबलं तर अंतर कमी पडतंय असं समजायचं. जांभई, ओठांवरून भर्रकन जीभ फिरवणं, तोंड वळवणं, उगाच जमीन हुंगणं याही खुणाच. नॉर्वेच्या प्रशिक्षक तुरिद रुगोस यांनी असल्या बारीक हालचालींकडे लोकांचं लक्ष वेधलं. भुरी तुमच्याकडे बघून जांभई देत असेल तर तिला झोप आलेली नाही.

मी आणखी एक करतो: उठायच्या आधी दरवेळी ‘उठतो हं’ म्हणतो. बसलेला माणूस एकदम उभा राहिला की अशा कुत्र्यांचा जीव जातो. शब्द आधी आला की त्यांना तयारीला क्षणभर मिळतो. शेजारच्यांना वाटतं म्हातारा भिंतींशी बोलतो.

झाडूचं सोपं नाही, पण सरळ आहे. रोजचा केर ती दुसऱ्या खोलीत, दार लोटलेलं असताना. आणि वेगळ्या वेळी, झाडू खोलीच्या दुसऱ्या टोकाला नुसता पडलेला, आणि तुकडे. कितीतरी दिवसांनी कुणीतरी तो बोटभर सरकवायचा, आणि तुकडे. माझ्याकडे खंड्या होता त्याला वर्तमानपत्राच्या गुंडाळीची अशीच दहशत होती. त्याच्यासाठी सुरुवात सपाट पसरलेल्या एका पानापासून करावी लागली, आणि गुंडाळी करेपर्यंत पावसाळा संपून थंडी आली. शेवटी तो गुंडाळीवर हनुवटी ठेवून झोपायचा, पण दुसऱ्या कुणाच्या हातात दिसली की अजूनही टेबलाखाली. भीती कुत्रं एका माणसावरून सगळ्या माणसांना लावतं. विश्वास मात्र प्रत्येकाला पहिल्यापासून कमवावा लागतो.

जवळ घेण्याबद्दल: भीती ही भावना आहे, बक्षीस दिल्याने ती वाढत नाही. भुरी आपणहून तुमच्याकडे आली तर खुशाल धीर द्या. फटीत जाऊन मिठी मारणं मात्र धीर नव्हे. हात लावू देईल तेव्हा डोक्यावरून नको, छातीवर किंवा गालाखाली दोन-तीन सेकंद, आणि हात काढून घ्या. पुढे सरकली, नाकाने ढोसलं, तर पुन्हा. गप्प राहिली तर राहू दे. गप्प म्हणजे हो नाही.

रोखठोक:
म्हणजे महिनोन् महिने कुत्र्याला विचारून विचारून घर चालवायचं?

जुना_पट्टा:
घर नाही, तिच्या अंगाला लागणारे हात तेवढे. आणि हो, महिनोन् महिने.

जाता जाता एक, सायलीताई. प्रत्येक बुजरं कुत्रं मार खाल्लेलंच असतं असं नाही. पिल्लू साधारण तीन ते बारा आठवड्यांचं असताना माणसं, आवाज, वस्तू ओळखीच्या होतात. स्कॉट आणि फुलर यांचं १९६५ मधलं काम त्यावरच आहे. भुरीचा तो काळही साखळीलाच गेला असेल तर काही गोष्टी तिला ‘पुन्हा’ नव्हे, पहिल्यांदाच शिकायच्या आहेत. त्या हळू येतील, काही अर्धवटच येतील.

आणि तिला बाहेर नेण्याआधी एवढं कराच. घाबरलेली कुत्री मागे सरकून साध्या पट्ट्यातून डोकं सोडवून घेतात, आणि एकदा पळाली की हाकेला येत नाहीत, ओळखीच्या माणसाच्यासुद्धा. त्यामुळे कंबरेपाशी जास्तीचा पट्टा असलेला हार्नेस (छाती-पोटाभोवती बसणारा पट्टा) घ्या, शिवाय गळ्याला वेगळा पट्टा, दोन्हींना वेगवेगळ्या दोऱ्या. पट्ट्यावर फोन नंबर. मुख्य दार उघडण्यापूर्वी मधलं दार बंद. हार्नेसही आधी नुसता जमिनीवर टाकून ठेवा, झाडूसारखाच.

सायली_क:
हार्नेस आजच मागवते. डॉक्टरांची शनिवारची सकाळची पहिली वेळ मिळालीय, बाकड्यावर कुणी नसेल तेव्हाची. नवरा विचारतोय, सशाने दारात उभं राहायचं की बसायचं?

जुना_पट्टा:
दारात उभं, पण कूस करून. आत आल्यावर बसायचं. आणि खिशात किल्ल्या नकोत, खुळखुळतात.